पवनारची कुदळ आणि पीरपंजालची वाट

वर्धा जिल्ह्याला डोंगरकड्यांचा मुलूख म्हणून कोणी ओळखत नाही. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून त्याची स्वतंत्र मांडणी झाली, पुलगावाजवळच्या कवठ्याहून त्याची कचेरी १८६६ मध्ये पालकवाडीस हलली आणि तेथे वर्धा शहर वसले. तेव्हापासून सरकारी दप्तरात या जिल्ह्याची ख्याती आहे ती काळ्या जमिनीची, कपाशीची आणि हिंगणघाटच्या बाजारपेठेची. उत्तरेस आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूंनी सातपुड्याचे फाटे उतरत येतात खरे. परंतु त्यांतील उंचात उंच माथाही समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपासच थांबतो, आणि आग्नेयेस गिरडची शेख फरीदांची टेकडी सोडली तर धाम, बोर, यशोदा, वेणा या नद्यांच्या खोऱ्यांत दृष्टीला अडवणारे फारसे काही नाही. असे असूनही, दुर्गम पर्वत चढण्यापूर्वी आपले शरीर त्या श्रमास पात्र आहे की नाही हे कसे पारखावे, या प्रश्नाचे जे उत्तर या सपाट जिल्ह्याच्या इतिहासात सापडते, ते पर्वतवासी जनांनाही विचार करावयास लावील इतके सखोल आहे. शरीराची पात्रता प्रस्थानाच्या आदल्या दिवशी ठरत नाही. ती दिनचर्येत घडते, दिनचर्येतच मोजली जाते, आणि मोजमापाचा निकाल आपल्या इच्छेविरुद्ध गेला तर तो शांतपणे मान्य करणे हाही त्या पात्रतेचाच एक अंश आहे, असे ते उत्तर आहे.

या उत्तराचा पहिला पाठ वर्ध्याच्या शेतकऱ्याने महादेवाच्या यात्रेत गिरवला. विदर्भात 'महादेवाला जाणे' याचा अर्थ सांगावा लागत नाही: सातपुड्याच्या अंतर्भागात पचमढीनजीक जो चौरागड आहे, त्याच्या माथ्यावरील शंकराच्या दर्शनास महाशिवरात्रीच्या सुमारास जाणे, आणि नवस फेडावयाचा असेल तर लोखंडी त्रिशूळ खांद्यावर वाहून नेऊन तेथे अर्पण करणे. त्या माथ्याची उंची चार हजार फुटांहून अधिक. शेवटच्या टप्प्यात हजाराहून अधिक पायऱ्या. आणि भोवताली, ज्याचा धूपगड ४,४२९ फुटांवर पोचून साऱ्या सातपुड्यात श्रेष्ठ ठरतो, असा दऱ्याखोऱ्यांचा निबिड प्रदेश. वर्धा जिल्ह्याची स्थापना झाली त्याच १८६२ साली पचमढीच्या पठारावर कॅप्टन फॉरसिथ हा इंग्रज अधिकारी पोचला, आणि पुढे १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या ग्रंथात त्याने या यात्रेची, तिच्यातील गर्दीची आणि तिच्यामागोमाग येणाऱ्या पटकीच्या साथीची दखल घेतली. म्हणजे सपाटीवरचा माणूस डोंगर चढावयास जातो ही गोष्ट या भागात आगगाडीच्याही आधीची आहे.

त्या काळी यात्रेकरूची प्रकृती तपासावयास कोणी हकीम किंवा डॉक्टर गावात बसलेला नव्हता. परंतु यात्रेची रीतच अशी होती की तपासणी आपोआप होत असे. महाशिवरात्र येते ती कपाशीची वेचणी उरकत आलेली असताना. पावसाळ्यातील निंदण-डवरणी, नंतरची वेचणी, गाठोडी उचलून बंडीत टाकणे, पांदणीतून रोजची ये-जा, असे आठ महिन्यांचे श्रम अंगात मुरलेले शरीर घेऊन शेतकरी निघे. नागपूर-छिंदवाड्याच्या बाजूचा तो सारा मुलूख मजल दरमजल करीत पायी किंवा बंडीने ओलांडावयाचा, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी पोचेतो कित्येक मुक्काम झालेले असत. ज्याच्या पायाला फोड आले, ज्याचा गुडघा सुजला किंवा ज्याला ताप भरला, त्याचे वैगुण्य सपाटीवरच, माघारी फिरणे शक्य असतानाच उघड होई. जड त्रिशूळ एकट्याच्या खांद्यावर नसे. जथ्यातील माणसे पाळीपाळीने तो घेत. आणि चढताना महादेवाचा जयघोष अखंड चाले. या जयघोषाचा भक्तीखेरीज आणखी एक उपयोग होता, असे मला वाटते. ज्याच्या तोंडून घोष स्पष्ट उमटत आहे त्याचा दम शाबूत आहे, आणि ज्याचा शब्द मध्येच तुटू लागला त्याने पाऊल मंद करावे, हे जथ्यातील जाणत्याला कोणी शिकवावे लागत नसे. चालताना सलग वाक्य बोलता येते की नाही, यावरून श्रमाची तीव्रता ओळखावी, असे आजचे व्यायामशास्त्रही सांगते. या रीतीत उणीव नव्हती असे नाही: जो म्हातारा नवसाच्या भरात आपले दुखणे लपवी, त्याला ही रीत वाचवू शकत नसे, आणि दूषित पाण्यातून येणारी पटकी तर बळकट-दुर्बळ असा भेदच करीत नसे. श्रद्धेने शरीराला बळ दिले. स्वतःच्या शरीराविषयी सत्य बोलण्याची सवय मात्र आणखी कोणी लावावी लागणार होती.

ती सवय लावणारी माणसे विसाव्या शतकात वर्ध्यास आली. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा भावे येथील आश्रमाची जबाबदारी घेऊन आले, आणि १९३० च्या दांडीयात्रेनंतर साबरमतीस न परतण्याचा निश्चय केलेले गांधीजीही वर्ध्याचे उद्योजक जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे अखेर याच जिल्ह्यात स्थिरावले. त्या दांडीयात्रेचीच योजना पाहिली तर तीत शरीराच्या मर्यादांचा किती काटेकोर हिशेब केला होता हे ध्यानात येते. १२ मार्च ते ५ एप्रिल या मुदतीत सुमारे २४० मैल, रोज दहा-बारा मैलांची चाल, तीही सकाळ-संध्याकाळ अशी विभागलेली, सामान मोजके, सोमवार हा विसाव्याचा वार, आणि साठी गाठलेल्या गांधीजींसाठी एक घोडा बरोबर ठेवलेला, ज्यावर ते बसले नाहीत. घोडा नाकारण्याइतकीच, तो बरोबर असू देण्याची तजवीजही मला महत्त्वाची वाटते, कारण स्वतःच्या सामर्थ्यावर विश्वास असणे आणि त्या सामर्थ्याला सीमा असू शकते हे मान्य करणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदत होत्या.

१९३५ च्या अखेरीस वर्ध्यात असतानाच गांधीजींचा रक्तदाब वाढून त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्यानंतर ३० एप्रिल १९३६ रोजी, विदर्भातील ऐन उन्हाळ्यात, वर्ध्याहून सुमारे पाच मैलांवरील सेगाव येथे ते पायी गेले. सेगावची मालगुजारी जमनालालजींकडे होती, आणि हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. पाच मैल हे अंतर सामान्य. परंतु आजारातून उठलेल्या मनुष्याने आपल्या नव्या जीवनक्रमाचा आरंभ पायांनी करावा, आणि पुढेही सकाळ-संध्याकाळचे फिरणे औषधाच्या मात्रेप्रमाणे नियमाने पाळावे, यातून त्या आश्रमातील सर्वांना एक धडा मिळाला: चालणे हा शरीराचा रोजनामा आहे, आणि तो रोज लिहिला तरच कामाच्या वेळी वाचता येतो.

तथापि या परंपरेतील सर्वांत उद्बोधक प्रकरण घडले ते पवनारास. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी वसलेले हे गाव प्राचीन आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच असे प्रतिपादन केले. १९३८ च्या आरंभी विनोबांची प्रकृती इतकी खालावली की त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास, आले. वय अवघे बेचाळीस. परंतु शिकवणे, सूतकताई, चिंतन आणि अपुरा आहार यांनी देह झिजलेला. गांधीजींना हे कळताच त्यांनी वैद्यांस दाखविण्याचा आणि एखाद्या थंड हवेच्या पहाडी ठिकाणी जाऊन राहण्याचा आग्रह केला. विनोबांनी पहाड न निवडता, जमनालालजींचा बंगला जेथे होता ती पवनारची नदीकाठची टेकडी निवडली, आणि गांधीजींनी ती मान्य केली ती एका अटीवर, की आश्रमाच्या साऱ्या विवंचना मागे ठेवून जावे. ७ मार्च १९३८ रोजी धामेचा पूल ओलांडताना 'मी सर्व सोडले आहे' अशा अर्थाचे संन्यासवचन तीन वेळा उच्चारून विनोबा त्या टेकडीवर गेले.

तेथे त्यांनी जे केले ते दिसावयास अगदी साधे होते. त्यांनी कुदळ हाती घेतली आणि बंगल्याभोवतीची जमीन खणावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी खणण्याची मुदत होती पाच मिनिटे. पाच मिनिटांनंतर काम थांबवावयाचे, शरीराला काही वाटले तर त्याची दखल घ्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी त्यात थोडीशी भर घालावयाची. खणतानाही मध्ये मध्ये क्षणभर थांबून श्वास पूर्ववत होऊ द्यावयाचा. अशी भर घालीत घालीत पाच मिनिटांची मुदत तासापलीकडे गेली आणि काही महिन्यांत ८८ पौंडांचे वजन १२८ पौंडांपर्यंत चढले. याच खणण्यात त्यांना भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प सापडले, जे आज पवनारच्या आश्रमातील मंदिरात पूजिले जाते. यात्रेकरूंना त्या शिल्पाचे महत्त्व वाटावे हे योग्यच. परंतु ज्याला आपल्या शरीराची तयारी करावयाची आहे त्याने त्या शिल्पाइतक्याच आदराने त्या पाच मिनिटांकडेही पाहावे. ज्या पुरुषाला गीता आणि उपनिषदे मुखोद्गत होती, त्याने आपल्या स्नायूंच्या बाबतीत बालवर्गापासून आरंभ करण्यात कमीपणा मानला नाही. आपण आज कोठे आहोत हे प्रामाणिकपणे ठरविणे, तेथूनच सुरुवात करणे, आणि वाढ इतकी हळू ठेवणे की शरीराला तक्रार करण्याचे कारणच पडू नये, ही जी तीन सूत्रे आजचे क्रीडावैद्यक सांगते, ती पवनारच्या त्या जमिनीत अशी लिहिली गेली.

पुढे १९५० मध्ये याच आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाचा आधार सोडून आपल्या श्रमाने पिकवावे, बैलांवाचून शेती करावी, विहिरीवरचा रहाट माणसांनीच फिरवावा, असा तो कठोर नियम होता. पंचावन्नाच्या घरात आलेले विनोबा तरुणांबरोबर रहाटास हात लावीत. पोटातील व्रणाची व्यथा त्यांना होतीच, म्हणून आहार दूध-दह्यासारखा आणि थोडा थोडा. मार्च १९५१ मध्ये हैदराबादनजीकच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास जाण्याची वेळ आली, तेव्हा ते निघाले ते पायीच, सुमारे तीनशे मैलांच्या वाटेने. लोकांना तो आकस्मिक निश्चय वाटला. परंतु आधीची बारा-तेरा वर्षे डोळ्यांपुढे ठेवली तर ते पाऊल त्या दीर्घ शरीरसाधनेचे फळ होते हे सहज दिसते. १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे, भूमिहीनांसाठी जमीन मागण्याच्या भूदान चळवळीचा उगम झाला. १२ सप्टेंबरला पवनारहून दिल्लीची वाट धरली ती सुमारे दोन महिन्यांत संपविली. आणि त्यानंतर देशभर चाललेली ती पदयात्रा १९६४ च्या एप्रिलात पवनारास परत आली. पहाटे तीन-चारच्या सुमारास कंदिलाच्या प्रकाशात निघावयाचे, ऊन चढण्यापूर्वी दहा-बारा मैलांची मजल पुरी करावयाची, रात्री लवकर निजावयाचे, हा क्रम पाळल्यामुळेच रोगाने पोखरलेला देह वर्षानुवर्षे चालू शकला.

या साधनेतही एक मोठा खंड पडला, आणि तो झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा होईल. १९५२ च्या डिसेंबरात तेव्हाच्या बिहारातील चांडिल येथे विनोबांना घातक हिवतापाने गाठले. प्रथम त्यांनी औषध नाकारले. प्रकृती जिवावर बेतली तेव्हा सहकाऱ्यांच्या आणि देशातील ज्येष्ठ नेत्यांच्या आग्रहास मान देऊन ते घेतले, आणि त्यानंतर चालण्याची घाई न करता अनेक आठवडे तेथेच मुक्काम केला, इतका की मार्च १९५३ चे सर्वोदय संमेलनही चांडिलासच भरले. शरीर कितीही घडविलेले असले तरी त्याला रोग होतो, आणि रोगानंतर त्याची पात्रता पुन्हा नव्याने ठरवावी लागते. ताप उतरला म्हणजे बळ परतले असे समजून डोंगर चढावयास निघणाऱ्या प्रत्येकाने चांडिलचे ते आठवडे ध्यानात ठेवावेत.

आणि मग १९५९ साल आले. मे महिन्यात विनोबांनी जम्मू-काश्मीरात प्रवेश केला. पुंछकडील लोरण येथे ते पोचले तेव्हा पुढे पीरपंजालची रांग उभी होती, आणि पलीकडे गुलमर्ग. वय त्रेसष्ट पुरे होऊन गेलेले. ओलांडावयाची उंची साडेतेरा हजार फूट, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे तीन-पंचमांश एवढाच उरतो आणि प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. अशात पावसाने झोड उठविली आणि मंडळींना लोरणला काही दिवस अडकून पडावे लागले. तेथे विनोबांनी स्वतःशी जो करार केला तो मला त्यांच्या चढाईहूनही मोठा वाटतो: पावसामुळे पीरपंजाल ओलांडता आला नाही, तर ती ईश्वराची आज्ञा समजून काश्मीरचे खोरे सोडून द्यावयाचे आणि पंजाबात माघारी जावयाचे. माघारीची अट आधीच, पायथ्याशी, शांत चित्ताने ठरली होती. पाऊस उघडला, ते चढले, आणि बर्फाच्या त्या वाटेने पलीकडे उतरले.

या यशाची भौतिक कारणेही उघड आहेत. सपाटीवरून मोटारीने एकदम उंचीवर जाणाऱ्याला जी डोकेदुखी, मळमळ आणि झोपेची तक्रार जडते, तिचे मूळ शरीराला अवधी न मिळण्यात असते. म्हणून दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात हजार-दीड हजार फुटांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. विनोबा जम्मूच्या सपाटीपासून आठवडेच्या आठवडे पायी चढत आले होते, आणि लोरणच्या पावसाने त्यांना सक्तीचा विसावा दिला होता. पायांना आठ वर्षांच्या चालीची सवय होती. जे इतरांना धाडस दिसले, ते त्यांच्या शरीराच्या दृष्टीने कालच्या मजलेपुढची एक मजल होती.

१९६९ मध्ये सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, आणि ज्या जिल्ह्यात यात्रेकरू एकेकाळी केवळ नवसाच्या बळावर निघत, तेथील खेडुताला नाडी, रक्तदाब आणि हृदय तपासून घेण्याची सोय घराजवळ झाली. तिचा लाभ न घेणे हा अविवेक होय. ज्याला छातीत दुखते, थोड्या श्रमाने धाप लागते किंवा भोवळ येते, ज्याला मधुमेह अथवा रक्तदाब आहे, जो चाळिशी उलटल्यावर प्रथमच मोठी चढण चढणार आहे, त्याने वैद्याचा दाखला आधी घ्यावा. परंतु दाखला म्हणजे अनुज्ञा. ती सामर्थ्य देत नाही. सामर्थ्याची मोजणी ज्याची त्याने करावयाची असते, आणि तिला उपकरणे लागत नाहीत. जेवढे ओझे पाठीवर न्यावयाचे तेवढे घेऊन, जे जोडे घालावयाचे ते घालून, गिरडची टेकडी किंवा गावाजवळचा एखादा चढ सलग चढ-उतर करून पाहावा. चढताना बोलता येते का, थांबल्यावर श्वास लवकर स्थिरावतो का, उतरताना गुडघे आणि मांड्या थरथरतात का, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा करण्याची ताकद शिल्लक आहे का, एवढे पाहिले म्हणजे पुष्कळ कळते. एका दिवसाच्या पराक्रमाने मनुष्य स्वतःची फसवणूक करू शकतो. दुसऱ्या दिवसाची सकाळ सहसा खोटे बोलत नाही. आणि या मोजणीस आरंभ करावा तो प्रस्थानापूर्वी आठवडाभर नव्हे, दोन-तीन महिने आधी.

आज वर्ध्याचे तरुण सह्याद्रीतील किल्ल्यांवर आणि हिमालयातील खिंडींत मोठ्या संख्येने जाऊ लागले आहेत, चौरागडाची यात्राही पूर्वीइतक्याच उत्साहाने चालू आहे, आणि वाहनांनी थेट पायथा गाठता येऊ लागल्यामुळे वाटेतील मुक्कामांची ती जुनी, न बोलता होणारी परीक्षा मात्र लोपली आहे. ती आता जाणूनबुजून घ्यावी लागेल. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षणपरिषदेतून नई तालीम जन्मास आली आणि शरीरश्रम हा शिक्षणाचा गाभा होय असा सिद्धान्त देशापुढे मांडला गेला. त्या सिद्धान्ताला स्मरून या जिल्ह्यातील शाळांनी आणि व्यायामशाळांनी, डोंगरावर मुले नेण्यापूर्वी, त्यांना स्वतःच्या शरीराचा रोजनामा लिहावयास शिकवावे: आज किती चाललो, किती वाहिले, किती दमलो, काल काय होते. त्याच रोजनाम्याच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने आपली माघारीची अटही लिहावी, आणि ती सोबत्यांना वाचून दाखवावी. पाच मिनिटांपासून आरंभ करण्याची नम्रता आणि पायथ्यावरून परत फिरण्याची सिद्धता, हे दोन गुण ज्याने अंगी बाणविले तोच पर्वतास पात्र झाला, आणि हे दोन्ही गुण शिकण्यास वर्ध्याची सपाट जमीन पुरेशी आहे.